उज्जैनमध्ये साक्ष

उज्जैनमध्ये देवाविषयी बोलायला कोणी संकोचत नाही. भस्मारतीसाठी मध्यरात्रीपासून ताटकळलेला भाविक रांगेतल्या शेजाऱ्याला आपला नवस सांगतो. रामघाटावर स्नान करून आलेली बाई अनोळखी बाईजवळ घरातलं दुखणं आणि महाकालाची कृपा एका दमात बोलून जाते. श्रावणातल्या सोमवारी सवारी निघते तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर येतं, आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थाला तर सारा देशच क्षिप्रेच्या काठी उतरतो. २०१६ साली तो झाला, पुढचा २०२८ साली आहे. मराठी माणसालाही हे गाव परकं नाही. अठराव्या शतकात महाकालाचं देऊळ पुन्हा उभारलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी; गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचं. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी उज्जैनलाच होती.

देवाचं नाव इतक्या मोकळेपणी निघणाऱ्या या गावात ख्रिस्ती माणूस मात्र आपल्या प्रभूचं नाव घेताना आवाज खाली आणतो. शाळेत शिकवणारी बाई, दवाखान्यातली परिचारिका, रेल्वेतला कर्मचारी, रविवारी उपासनेला जातात, घरी प्रार्थना करतात, आणि शेजाऱ्यानं ‘तुमच्यात नेमकं काय मानतात हो?’ असं विचारलं की ‘सगळे देव एकच’ म्हणून विषय संपवतात. शेजाऱ्याचा प्रश्न खरा असतो. उत्तर टाळलेलं असतं, हे त्यालाही कळतं.

यामागे भीती आहे, आणि ती निराधार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोक दोन लाख तेरा हजारांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या ०.२९ टक्के. इतक्या थोड्या माणसांना चूप बसणं शहाणपणाचं वाटलं तर नवल नाही. पण भीतीच्याही आधीचं एक कारण आहे, आणि पुढची पानं मुख्यतः त्याच्याविषयी आहेत. आपल्या मंडळीतल्या बहुतेकांना मनापासून वाटतं की सुवार्ता सांगणं हे पाळकसाहेबांचं, फादरांचं, सिस्टरांचं, फार तर पगारी सुवार्तिकाचं काम आहे. आपण वर्गणी द्यावी, नाताळात शेजाऱ्यांकडे फराळ पाठवावा, मुलांना रविवारच्या शाळेत घालावं. साक्ष देणारे लोक वेगळे. ही समजूत शास्त्रात कुठेही सापडत नाही. मिशनच्या कारभारातून ती आली आणि आपल्या अंगवळणी पडली.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवतो, ते सर्वांना पाठ असतं. त्याच्या आधीचं वाक्य सहसा कोणी थांबून वाचत नाही. गालीलातल्या त्या डोंगरावर जमलेल्या अकरा जणांपैकी काहींना त्या घटकेलाही संशय होता, असं मत्तय स्पष्ट लिहितो. ज्यांचा विश्वास अजून डळमळत होता त्यांनाही तीच आज्ञा मिळाली. ‘आधी माझा विश्वास पक्का होऊ दे, मग सांगेन’ म्हणणाऱ्याला त्या डोंगरावर आधार मिळत नाही. मार्कानं सांगितलेला गरसेकरांच्या प्रदेशातला माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर नावेत बसायला निघाला होता. येशूनं त्याला परत घरी, आपल्या माणसांत पाठवलं, आणि जे घडलं तेवढंच सांग म्हटलं. त्याला ना शास्त्राचं शिक्षण होतं, ना कोणी हात ठेवून नेमलं होतं.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा आठवा अध्याय तर या विषयाचा कणाच आहे. स्तेफनाला दगडमार झाल्यावर यरुशलेमात छळ सुरू झाला आणि विश्वासणारे पांगले. प्रेषित तेवढे शहरात राहिले. जे पांगले, म्हणजे जे प्रेषित नव्हते, तेच वाटेनं सांगत गेले. अकराव्या अध्यायात कुप्र आणि कुरेने इथली काही माणसं अंत्युखियात येऊन यहुदी नसलेल्यांशीही बोलतात. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव मिळालं ते त्याच शहरात. ती मंडळी उभी करणाऱ्या माणसांची नावं लूकनं दिलेली नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्यांनी हे नाव आपल्याला मिळवून दिलं ते स्वतः निनावी राहिले.

मराठी वाचकाला यासाठी अंत्युखियापर्यंत जायचीही गरज नाही. १८९३ साली नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला. दोघांत कवितेवर, धर्मावर बोलणं झालं. उतरताना त्या गृहस्थानं टिळकांच्या हातात नवा करार ठेवला, वाचा म्हणून आग्रह केला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांनी दिलेला शब्द पाळायचा म्हणून वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले, पुढे जाईनात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती उपासनासंगीताचा सर्वांत मोठा कवी आपल्याला मिळाला त्याच्या मुळाशी एका प्रवासातलं बोलणं आहे. त्या माणसानं सभा भरवली नाही, काही देऊ केलं नाही, वादही घातला नाही. बोलला, ऐकलं, एक पुस्तक दिलं, आणि उतरून गेला.

ही गोष्ट इथेच संपवायचा मोह आवरायला हवा, कारण तिचा उत्तरार्ध जास्त अवघड आहे. टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आयुष्यावर जणू आभाळ कोसळलं. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र ज्यांनी वाचलं आहे त्यांना त्या विरहाचे दिवस सांगायला नकोत. नवऱ्याला जे परमसत्य वाटत होतं ते बायकोला घराचा नाश वाटत होता, आणि दोघंही खरं बोलत होते. काही वर्षांनी त्या पुन्हा टिळकांजवळ राहू लागल्या, तरी चूल आणि पाणी आपलं वेगळं ठेवून. पुढे माणसाला देवानं घडवलं आणि जात माणसानं, हा विचार त्यांच्याच मनात उगवला, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं लागली, आणि शेवटचं पाऊल त्यांचं स्वतःचं होतं. टिळकांसारखा वाणीचा धनी, पण घरातल्या माणसाला शब्दांनी पटवणं त्यांना जमलं नाही. साक्ष देणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. आपलं काम सांगण्यापाशी थांबतं. पुढचा प्रवास त्या माणसाचा आणि देवाचा आहे, आणि त्यात आपल्याला घाई करायचा अधिकार नाही. टिळकांनी १९१७ साली मिशनचं वेतन सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही भक्तांना जागा होती. त्या निर्णयामागे घरातल्या त्या पाच वर्षांचंही देणं असावं, असं मला वाटत आलं आहे.

आता उज्जैनकडे वळतो. माळव्यात प्रॉटेस्टंट मिशन आलं ते १८७७ साली, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीकडून, आधी इंदूर आणि महू इथे, पुढे उज्जैनलाही. कॅथलिक धर्मप्रांताचा इतिहास मात्र अलीकडचा, आणि आपल्या विषयासाठी जास्त बोलका आहे. तो केरळातून सुरू होतो.

केरळातले थोमा ख्रिस्ती आपला वारसा प्रेषित थोमापर्यंत, इसवी सन ५२ पर्यंत नेतात. शतकानुशतकं त्यांनी आपली उपासना, सीरियाई प्रार्थना, घरातल्या रीती जपल्या. राजांनी त्यांना मान दिला, हिंदू शेजाऱ्यांशी त्यांचे संबंध जिव्हाळ्याचे राहिले. पण या शांततेचं एक कारण असंही होतं की आपला विश्वास त्यांनी बहुतांशी आपल्या घराण्यांतच ठेवला. तो पिढीजात ठेवा झाला. बाहेरच्याला तो द्यायचा असतो, हा विचार मागे पडला. विसाव्या शतकात त्यांच्यातल्या कॅथलिक मंडळीला ते जाणवलं. १९६२ साली तिला केरळाबाहेरचं पहिलं मिशनक्षेत्र मिळालं ते चांदा, म्हणजे आपलं चंद्रपूर. मग २२ फेब्रुवारी १९६८ रोजी केरळात ‘मिशनरी सोसायटी ऑफ सेंट थॉमस’ ही संस्था उभी राहिली, आणि त्याच वर्षी २९ जुलैला उज्जैनचं मिशनक्षेत्र जाहीर होऊन तिच्याकडे सोपवलं गेलं. उज्जैन, शाजापूर, राजगढ हा त्याचा प्रदेश. जॉन पेरुमट्टम हे त्याचे पहिले प्रमुख, आणि १९७७ साली पूर्ण धर्मप्रांत झाल्यावर पहिले बिशप.

या इतिहासात एक खरी किंमत दडलेली आहे, आणि ती लपवू नये. विश्वास घरात ठेवला तर शेजार शांत राहतो. तो बाहेर बोलला की प्रश्न उठतात, संशय येतो, कधी त्याहून वाईट घडतं. थोमा ख्रिस्ती लोकांनी हजारभर वर्षं पहिली वाट धरली आणि त्यात त्यांना प्रतिष्ठा मिळाली. दुसरी वाट धरली तेव्हा ते माळव्याच्या उन्हात, परक्या भाषेत, ओळखदेख नसलेल्या गावात येऊन राहिले. ज्याच्यापाशी इतकं जपलेलं धन आहे त्यानं ते घेऊन उज्जैनला यावं, आणि आधी हिंदी व माळवी शिकावी, याला मी मोठेपणा म्हणतो. पण इथेही जुनीच अडचण डोकं वर काढते. फादर आले, सिस्टर आल्या, शाळा निघाल्या, पुष्पा मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, आणि साध्या विश्वासणाऱ्याला वाटलं की आता साक्षीचं काम योग्य हातांत आहे. संस्था जितकी भक्कम, तितका सामान्य ख्रिस्ती मुका होत जातो. हे उज्जैनचंच नव्हे. नगर-नाशिकच्या मराठी मंडळ्यांतही मी तेच पाहतो.

१९६८ साल आणखी एका कारणानं लक्षात राहतं. त्याच वर्षी मध्य प्रदेशाचा धर्मस्वातंत्र्य अधिनियम झाला. बळ, आमिष किंवा फसवणूक करून धर्मांतर घडवणं गुन्हा ठरला, आणि धर्मांतराचा विधी करणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक झालं. या कायद्याची मुळं नागपुरात आहेत. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, तेव्हा १९५४ साली उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली गेली आणि १९५६ साली तिचा अहवाल आला. त्या अहवालानं ख्रिस्ती मंडळ्या फार दुखावल्या. त्यातले बरेच निष्कर्ष मला एकांगी वाटतात. तरी दुष्काळातलं धान्य, शाळेतली जागा, नोकरीची आशा यांच्याशी बाप्तिस्मा जोडला जात असेल तर तो सुवार्तेचाच अपमान आहे, हे आपण कोणी सांगण्याआधी स्वतः म्हणायला हवं होतं. भाकरीची अट घालून दिलेला विश्वास हा विश्वासच नव्हे. येशूनं हजारो लोकांना जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक भाकरीसाठी शोधत आले तेव्हा त्यांना तसं तोंडावर सांगितलं.

या कायद्याला आव्हान दिलं गेलं. रायपूरचे फादर स्टॅनिस्लॉस यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ जानेवारी १९७७ रोजी निकाल लागला. राज्यघटनेचा २५ वा अनुच्छेद प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो. संविधानसभेत डिसेंबर १९४८ मध्ये यावर बरीच चर्चा झाली होती आणि प्रसाराचा हक्क ठेवायचा असं ठरलं होतं. न्यायालयानं म्हटलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालानंतर महिना-सव्वा महिन्यात, २६ फेब्रुवारी १९७७ रोजी, उज्जैनचा धर्मप्रांत झाला.

या निकालावर अनेक ख्रिस्ती लेखकांनी टीका केली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. २०२१ च्या नव्या कायद्यानं तर धर्म बदलू इच्छिणाऱ्यानंही साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे घोषणा करावी अशी अट घातली. माणसाच्या अंतःकरणातला सर्वांत खाजगी निर्णय त्यानं कचेरीत जाऊन आधी नोंदवावा, हे मला पटत नाही, आणि खोट्या तक्रारींनी प्रार्थनेसाठी जमलेल्या साध्या माणसांना किती सोसावं लागतं हेही दिसतं आहे. हे सगळं खरं असूनही एक गोष्ट मंडळीतल्या प्रत्येकाला ठाऊक हवी: समजावून सांगण्याचा हक्क घटनेनं दिलेला आहे आणि न्यायालयानंही तो मान्य केला आहे. शेजाऱ्यानं विचारलेल्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणं कोणत्याही कायद्यानं गुन्हा ठरवलेलं नाही. ‘कायदा कडक आहे, म्हणून बोलत नाही’ असं म्हणणाऱ्यांपैकी कित्येक जण कायदा नव्हता तेव्हाही बोलत नव्हते.

धर्मांतर घडवणं माझ्या हातात नाही, हे कायद्याच्या आधी शास्त्रानं सांगितलं आहे. पौलानं करिंथकरांना लिहिलं की कोणी लावतो, कोणी पाणी घालतो, वाढवणारा देव. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ७ डिसेंबर १९६५ रोजी एकाच दिवशी दोन दस्तऐवज जाहीर केले. एकात सारी मंडळी स्वभावतःच पाठवलेली आहे असं म्हटलं, दुसऱ्यात धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये असं. काहींना हे परस्परविरोधी वाटतं. मला ती एकाच गोष्टीची दोन अंगं वाटतात. ज्याला माझ्या प्रभूनं मोकळं ठेवलं आहे त्याला मी बांधू शकत नाही, आणि जे मला फुकट मिळालं ते मी दडवूही शकत नाही.

साक्ष शब्दांची असावी की कृतीची, हा वाद उज्जैनच्या शेजारीच एका बाईच्या आयुष्यानं फिका पाडला. सिस्टर राणी मारिया केरळातल्या पुल्लुवळीच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. उज्जैनला लागून असलेल्या देवास जिल्ह्यात उदयनगरला त्या काम करत. भूमिहीन शेतमजुरांना सावकाराच्या कर्जातून सोडवणं, बचत गट बांधणं, बँकेतून कर्ज मिळवायला शिकवणं, हे त्यांचं रोजचं काम. ज्यांच्या व्याजावर त्यामुळे गदा आली त्यांना ते सोसवलं नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये त्यांच्यावर चाकूचे वार झाले आणि त्यांनी रस्त्यावर प्राण सोडला. त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला त्यांना धन्य घोषित केलं गेलं.

त्यांचं हौतात्म्य पुष्कळांना माहीत आहे. साक्षीच्या दृष्टीनं मला त्यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या धाकट्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. कुटुंबानं त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ साली तो सुटला. पुढे तो केरळात त्यांच्या घरी गेला तेव्हा सिस्टर राणी मारियांच्या आईनं त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. ती आई प्रवचनकार नव्हती. केरळातल्या खेड्यातली शेतकरी घरातली बाई. आणि राखी तर माळव्यातल्या प्रत्येक घराला कळणारी. क्षमा म्हणजे काय, हे समजावून सांगायला त्या घरानं गावचीच रीत वापरली.

तरीही केवळ कृती पुरेशी आहे असं मी म्हणणार नाही. आजकाल मंडळीत हे वारंवार ऐकू येतं की आपलं जगणंच साक्ष, तोंडानं सांगायची गरज नाही. ऐकायला हे नम्र वाटतं. पण माझ्या चांगल्या वागण्याचं श्रेय शेवटी मलाच मिळत असेल, तर ती साक्ष कोणाची? उदयनगरच्या मजुराला सिस्टर का आल्या हे विचारायचा हक्क होता, आणि त्याला खरं उत्तर मिळण्याचाही. पेत्र पहिल्या पत्रात याच प्रसंगाविषयी लिहितो: तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर सांगायला नेहमी तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदर राखून. ती मंडळी छळ सोसत होती, तिच्या हातात सत्ता नव्हती, चहूकडे देवळं आणि उत्सव होते. उज्जैनच्या ख्रिस्ती माणसाला पेत्राचे वाचक अनोळखी वाटू नयेत.

आदर राखून, हे मला इथे फार महत्त्वाचं वाटतं. महाकालाच्या रांगेत उभ्या माणसाची भक्ती खोटी ठरवून माझी साक्ष खरी होत नाही. त्याची आस्था मी ऐकली नाही तर माझं त्यानं का ऐकावं? पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही त्या संस्कृताच्या पंडिता राहिल्या, शाकाहारी राहिल्या, खादी नेसल्या, आणि अखेरची वर्षं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल करण्यात घालवली. आपल्या लोकांपासून तुटून त्यांनी आपल्या प्रभूविषयी सांगितलं नाही. मुक्तीतल्या मुली गावोगाव जाऊन बोलत, त्यातल्या कित्येक बालविधवा, दुष्काळातून वाचलेल्या. ज्यांना समाजानं बोलायलाच बंदी केली होती त्या बोलत होत्या.

पुढच्या प्रकरणांत सुवार्तेची पद्धतशीर शिकवण आहे, काही वादग्रस्त प्रश्न आहेत, आणि शेवटी मंडळीत गटानं बसून वाचण्यासाठी उतारे आहेत. माझी एक विनंती आहे. पाळकांनी हे पुस्तक आधी स्वतः वाचून मग लोकांना समजावू नये. परिचारिका, शिक्षिका, रेल्वेतला कर्मचारी, कॉलेजातली मुलगी यांनी एकत्र बसून ते उघडावं, आणि शेजाऱ्यानं शेवटचा प्रश्न कधी विचारला होता, काय विचारला होता, आणि आपण काय उत्तर दिलं, तिथून बोलायला सुरुवात करावी. ते उत्तर अपुरं निघालं तर घाबरायचं कारण नाही. तो शेजारी अजून शेजारीच राहतो आहे.